पायरीखालचं गवत

९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं, म्हणून लिहिते आहे.

घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. जायचं ते माणूस दोन वर्षांपूर्वी गेलं आणि ते तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. काम वेगळं आहे.

खाडीतलं गवत काढणार आहेत. खरंच काढणार आहेत. इतकी वर्षं नुसत्या सभा झाल्या, त्यामुळे माझाही आधी विश्वास बसला नाही. पण गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. गुडघ्यांच्या वर येणारे गमबूट, केसांत चिखल. मागच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "आजी, हे गवत इथे कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "माझे केस काळे होते तेव्हापासून. आणि आजी म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. काम सांग."

ती वनस्पतींची शास्त्रज्ञ आहे. गावात सगळे तिला गवतवाली म्हणतात आणि ती त्या हाकेला ओ देते. बेत असा आहे. मोठे पट्टे काळ्या जाड प्लास्टिकने झाकायचे आणि दोन वर्षं तसेच ठेवायचे. ऊन मिळालं नाही की मुळं कुजतात. लहान बेटं मुळासकट खणून काढायची. मात्र एकही बेट मागे ठेवायचं नाही. एक राहिलं तरी त्यातून पुन्हा सगळी खाडी भरते.

आता मुद्दा. आपल्या मागच्या पायरीखालचं बेट सगळ्यांत जुनं. ह्यांनी लावलेलं पहिलं. मागच्या अंगणाची माती त्याच्याच मुळांनी धरून ठेवली आहे. ते काढलं तर अंगणाची कड ढासळेल, कदाचित न्हाणीघरापर्यंत. गवतवालीने हे लपवलं नाही. "दगड रचून देऊ," म्हणाली, "पण टिकतील असा शब्द देत नाही." घरात अर्धा वाटा तुमचा आहे. माझ्या एकटीच्या होकारावर त्यांना पायरीखाली कुदळ घालता येत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर ते बेट राहील आणि बाकी सगळ्यांची मेहनत चिखलात जाईल.

तुम्ही गेलात तेव्हा निदान मधला प्रवाह तरी रुंद होता. आता ओहोटीला कप्तानची होडीसुद्धा खरवडत जाते. (कप्तान अजून आहे. दात गेले, बडबड आहे.) तुमची शिंपल्यांची जागा आता छातीएवढ्या गवताखाली आहे. चिखल इतका वर आलाय की भरतीचं पाणी तिथे पोचतं न पोचतं. लांब चोचीचे पक्षी चिखलात टोचत फिरायचे, ते आता वरून घिरट्या घालतात आणि पुढे जातात. उतरायला जागाच नाही. किनाऱ्याकडेची ती बुटकी, मांसल, खारट झुडपं, जी थंडीत लाल व्हायची, तीही गवताच्या सावलीत मरून गेली.

मी याच्याबद्दल वाचत बसते. माझी खोड तुम्हाला माहीत आहे. वाण्याच्या पुडीचा कागदही मी सरळ करून वाचते म्हणून तुम्ही हसायचात. गवत दाट वाढलं की पाण्याचा वेग मंदावतो, मंद झालं की पाणी अंगातला गाळ खाली टाकतं, गाळ साचला की गवताला आणखी जागा मिळते. तीन ओळींत लिहिलंय पुस्तकात. आपण ते सगळं आयुष्यभर पाहिलं आणि आपल्याला ते तीन ओळींत सांगता आलं नाही.

हो की नाही, एवढं कळवा.

तुमची,
वहिनी

२७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

कार्ड मिळालं. दोन ओळींत संपवायचा तुमचा विचार दिसत होता, पण मग तुम्ही समासात लिहिलंत, मग तिकिटाच्या भोवतीनेही. पोस्टमनने ते गोल फिरवत वाचलं असणार, कारण माझ्या हातात देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"गवत दादाचं, घर दादाचं. आख्खी खाडी खाऊन झाली त्याची, आता अंगणाची कड गेली तर मी रडत बसू का? आणि एका काठाला लावून त्याचं भागलं नाही, पलीकडेही लावायला गेला. या डोळ्यांनी पाहिलंय मी."

शिव्या संपल्या तेव्हा जागाही संपली होती, त्यामुळे हो की नाही ते राहूनच गेलं.

वन्सं, पलीकडे ते लावायला जात नव्हते. एवढंच लिहिते. याहून जास्त विचारू नका.

इकडच्या काठाला लावलं ते ह्यांनीच. ते मी कधी नाकारलं नाही, त्यांनीही नाही. बांधावरचे मुकादम म्हणून वरून आलेलं काम होतं ते. लाटा बांधाची माती खात होत्या. ओल्या गोण्यांत गुंडाळून रोपांच्या जुड्या आल्या आणि त्यांच्यासोबत एक साहेब आले. साहेब म्हणाले, "याला इथे बी धरत नाही. लावाल तिथेच राहील, पाळलेल्या जनावरासारखं." ह्यांनी पहिली जुडी आपल्या पायरीखाली लावली, म्हणजे येता-जाता बघता येईल. बाळ झाल्यासारखे रोज सकाळी उकिडवे बसून बघायचे. मग पुढे मोठं वादळ आलं आणि बांध टिकला. आजही गावातली निम्मी माणसं म्हणतात की गवत होतं म्हणून आपण आहोत. तेही खोटं नाही. याच्यामुळेच मला कुठल्याही सभेत धड कोणाच्या बाजूने बसता येत नाही.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, तुमची शिंपल्यांची जागा पहिल्यांदा गवताने गिळली तो? तुम्ही रिकामी टोपली घेऊन आलात, ती अंगणात आपटलीत आणि बाह्या वर करून पायरीखाली उतरलात. ओहोटी लागली होती. हाताला येईल ते उपटत होतात आणि पाण्यात भिरकावत होतात. "जा! आलंस तिकडे जा!" असं गवताला ओरडत होतात. आजूबाजूची माणसं जमली. हे दारात उभे होते. मला वाटलं आता चिडतील. तर हळूच म्हणाले, "बघ आपली टिटवी." दिवसभर ओरडायचात म्हणून लहानपणी ठेवलेलं ते नाव. तुम्ही मोठ्या झाल्यावर त्यांनी ते तुमच्यासमोर घेतलं नाही, माझ्याशी बोलताना मात्र शेवटपर्यंत तेच.

सगळ्या जुड्या वाहत गेल्या, आपल्या निळ्या बादलीसारख्या. ती बादली आठवते? पायरीवरून निसटायची आणि कप्तान ती दर वेळी पलीकडच्या वळणावरून उचलून आणायचा. "घ्या वहिनी, तुमची बादली माहेरी जाऊन आली."

का लिहितेय हे सगळं कोण जाणे. एवढं लिहिताना दोनदा उठून मागच्या दारापर्यंत जाऊन आले. तिथे बघण्यासारखं काही नाही, गवत वाऱ्याने हलतं आहे. हल्ली असंच होतं. भांडी लावायला घेते आणि अर्ध्यात सोडून बांधावर जाते, बांधावरून परत येते तर भांडी तशीच. ते असताना मी एवढी फिरत नव्हते. ते फिरायचे, मी घरात असायची. आता दोघांचं फिरणं माझ्याकडे आलंय.

उत्तर द्या. या वेळी मोठा कागद घ्या.

तुमची,
वहिनी

१८ मार्च

प्रिय वन्सं,

मोठा कागद घेतलात आणि त्यावर एकच ओळ लिहिलीत. "मग काय करायला जात होता?"

आधी कामाचं लिहिते. सुरुवात झाली. बांधाच्या पहिल्या वळणापासून काळं प्लास्टिक अंथरलंय. लांबून बघितलं तर खाडीला कोणी ठिगळं लावलीयत असं वाटतं. वाऱ्याने एक टोक उडालं तर चार माणसं त्याच्यावर आडवी पडली. लहान बेटं खणणाऱ्यांच्या हाताला फोड आलेत. मुळं कशी असतात म्हणता! काथ्याच्या जाड पायपुसण्यासारखी, एकात एक गुंतलेली. कुदळ मारली तर उलटून वर येते.

गवतवालीला पलीकडचा काठ बघायचा होता. कप्तानच्या होडीतून ती निघाली आणि मला म्हणाली, "चला की." मी त्या काठावर कधी उतरले नव्हते. इथून दिसतो, पण जायचं कारण काय? बसले होडीत.

वन्सं, तिकडे आपल्यापेक्षा जास्त आहे. आपल्याकडे निदान बांध आहे, माणसांचा वावर आहे. तिकडे नुसतं गवत, शेवटपर्यंत, एका उंचीचं. आत शिरल्यावर वारा थांबला. एकही आवाज नाही. खाजणात उभं राहिलं की पायाखाली टिकटिक, बुडबुड चालू असते ना, खेकड्यांची, शिंपल्यांची, पाणी मुरत जाण्याची? ती नव्हती. गवतवालीने खाली वाकून चिखलात बोटं घातली, वास घेतला आणि पुसून टाकली. एका कोपऱ्यात लाल झुडपाचं एकच रोप सापडलं, काडीएवढं. त्याच्याभोवती तिने चार काठ्या रोवल्या. मला उगीच रडू आलं. मी वळून होडीकडे बघत राहिले.

परत येताना तिला विचारलं, "याला बी धरत नाही म्हणतात. मग इकडे आलं कसं?"

"तुकड्यांनी," ती म्हणाली. "मुळाचा बोटभर तुकडा पुरतो. वाहत जातो, जिथे अडकतो तिथे रुजतो. होड्यांच्या नांगरांना चिकटून येतं, गाळ उपसताना येतं, कोणी उपटून टाकलं तरी येतं."

कप्तान वल्हवायचा थांबला आणि काहीतरी बोलला. ते लिहीत नाही. त्याला बोलायला कारण लागत नाही.

मी विचारलं, "वादळाने आणलं असेल का?"

"असू शकतं," ती म्हणाली.

तर वन्सं, वादळाने आणलं. मोठ्या वादळाने बांधाखालचं गवत तोडलं आणि पलीकडे नेऊन टाकलं. तसंच समजा. शिकलेल्या मुलीने सांगितलंय.

आणि हे तिकडे कशाला जायचे ते विचारू नका म्हटलं होतं. माणसाला फिरायला आवडतं.

पायरीखालच्या बेटाचं अजून तुम्ही बोललेल्या नाहीत. त्याला पुढच्या महिन्यात हात लावायला हवा, नंतर नवे कोंब सुटतात. घर जाईल म्हणून अडत असाल तर सांगते, मला त्याची भीती नाही. न्हाणीघर गेलं तर पुढच्या बाजूला बांधू. मला भीती वाटते ती तुम्ही काहीच न बोलण्याची. तुमच्या भावाकडे तो गुण होता आणि तेवढ्याने मी भरून पावले.

वहिनी

५ एप्रिल

प्रिय वन्सं,

येताय! पत्र वाचलं, उशीखाली ठेवलं, मग पुन्हा काढून वाचलं. "एका दिवसासाठी येते. बेट मी स्वतः काढणार. त्याने लावलं, मी काढते, हिशेब पूर्ण. मुक्काम करणार नाही." ठीक आहे. मुक्काम करू नका. मी आपली दोन उशांना अभ्रे घातलेत, ते ऊन दाखवायला.

सकाळच्या बसने या म्हणजे ओहोटी सापडेल. गमबूट आणू नका, ह्यांचे आहेत. तुमचे पाय लहानपणापासून मोठे, हे म्हणायचे की टिटवीला बुडायची भीती नाही. आतून कापड कोंबलं की बसतील. तुम्ही इस्त्रीच्या कामात दिवसभर उभ्या असता, कमरेचं लिहिलं होतंत, तेव्हा कुदळ मी मारीन, ओढायचं तुम्ही करा. गवतवाली दोन माणसं देते म्हणाली. मी नको म्हटलं. चुकलं का?

अंगण झाडलं. मग मागची खोली आवरायला काढली. आता सगळं सामान बाहेर आहे आणि आत काय ठेवायचं ते सुचत नाही. तुम्ही याल तेव्हा बहुतेक असंच असेल. हसू नका.

एकच सांगते, आणि ते फार महत्त्वाचं आहे. उपटलेलं गोणीत घालायचं. तसा नियम आहे.

वहिनी

२४ एप्रिल

प्रिय वन्सं,

बस सुटताना तुम्ही खिडकीतून म्हणालात, "वहिनी, जे काय असेल ते असो. मी दादाला माफ केलं गं." बस गेली. मी हात हलवायचा विसरले. तुम्ही ते फार घाईने म्हणालात. वारा आला की दार लोटून घेतो ना, तसं. त्या दिवसापासून मी घरात एका जागी धड बसलेली नाही. आज बसलेय, आणि हे पत्र पुरं केल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

तुम्ही उतरलात तेव्हा मी तुम्हाला ओळखलंच नाही. तुम्ही म्हणालात, "केवढी वाळलीस गं!" आणि मी म्हटलं, "तुम्ही केवढ्या गोऱ्या झालात!" उन्हाचा, चिखलाचा रंग गेलाय तुमचा. घरात शिरलात, सामानाचा ढीग बघितलात आणि म्हणालात, "चोर आले होते की तूच?" तिथून मग जरा सोपं झालं.

काम मात्र तुम्ही केलंत. मी कुदळ मारीन म्हटलं होतं, पण दोन घाव घातल्यावर तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत. "याला काय कणीक मळतेस का?" ह्यांचे गमबूट, वाकलेली पाठ, आणि तोंडाने अखंड चालू. क्षणभर मला वाटलं की तेच आहेत, फक्त आवाज सुरू झालाय. गोण्या भरत गेल्या. अंगणाची कड एकदा धप्पकन बसली, तेव्हा तुम्ही वर बघून म्हणालात, "गेलं तुझं न्हाणीघर," आणि मी म्हटलं, "आपलं." तुम्ही पुन्हा खाली बघून खणायला लागलात, पण कुदळ थोडी हळू पडत होती.

मग तो मोठा गड्डा निघाला. तुम्ही तो वर ओढून काढलात, त्याचं एक टोक तुटून हातात राहिलं, आणि तुम्ही न बघता ते मागे पाण्यात भिरकावलंत. लहानपणापासून चिखलात काम केलेलं माणूस, हातात आलेला कचरा ओहोटीलाच देणार.

मी उडी मारली. मला पोहता येत नाही हे मला पाण्यात गेल्यावर आठवलं. कमरेएवढंच होतं म्हणून वाचले. तुकडा पकडला, चिखलाने भरून वर आले आणि तुम्ही पोट धरून हसत होतात. "अगं, एका काडीसाठी? या वयात?"

मी म्हटलं, "काडीसुद्धा रुजते. तुकड्यांनीच पसरतं ते."

तुमचं हसू लगेच नाही थांबलं. हळूहळू थांबलं. तुम्ही माझ्या हातातला तुकडा पाहिलात, मग पाणी कुठे वाहतंय ते पाहिलंत, मग पलीकडचं वळण. आणि म्हणालात, "दादा पलीकडे काय करायला जायचा?"

मी म्हटलं, "भरती येतेय. चला."

तुम्ही आलात. पुन्हा विचारलं नाहीत. जेवताना मीठ मागितलंत, एवढंच बोललात. आणि मग ती खिडकीतून माफी.

वन्सं, कोणी कोणाला माफ करत असेल तर मध्ये पडू नये हे मला कळतं. पण ते स्वतः घ्यायला इथे नाहीत, घेणारी मी आहे. त्यातली अर्धी मी घेते. पायरीखाली लावलं ते त्यांनी लावलं. शिकलेल्या माणसावर विश्वास ठेवून लावलं, पण लावलं. त्याची माफी पोचली, त्यांच्या वतीने ठेवून घेतली. पलीकडच्या काठाची परत पाठवते. ती त्यांची नाही.

ते उपटायला जायचे.

तुम्ही इथून गवत फेकलंत, त्याच्या पुढच्या वर्षी ह्यांना पलीकडे वळणावर कोंब दिसले. बादली जिथे सापडायची नेमक्या त्याच जागी. घरी येऊन जेवले, हात धुतले आणि मला म्हणाले, "टिटवीने फेकलेलं तिकडे लागलंय." त्यात राग नव्हता. हवा कशी आहे ते सांगावं तसं. दुसऱ्या दिवशी रोपांच्या त्या जुन्या गोण्या काढल्या आणि होडी घेऊन गेले. तुम्ही त्यांना तिकडे पाहिलंत, हातात फावडं, शेजारी गोणी, गोणीतून गवत डोकावतंय. तुम्हाला वाटायचं तेच वाटलं. मलाही वाटलं असतं. कप्तान त्या दिवशी होडीत जे बोलला आणि मी लिहिलं नाही, ते हे होतं, "मुकादमांच्या गोण्या जाताना रिकाम्या असायच्या, येताना भरलेल्या." भरलेल्या गोण्या बांधावर वाळत टाकायचे आणि वाळल्या की पेटवायचे. बांधावर धूर दिसला की गाव म्हणायचं, मुकादम कचरा जाळतोय.

तुम्ही घरी येऊन एवढं बोललात, घर सोडून गेलात, तेव्हाही ते म्हणाले नाहीत की मी काढायला जातो. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, "एक वाक्य बोला, ती थांबेल." तर म्हणाले, "मग ती विचारेल की तिथे आलं कसं." मी म्हटलं, "विचारू दे." त्यावर जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण एवढं लांब ते फार कमी वेळा बोलायचे.

"लावलं मी. तिने उपटलं, ते बरोबर केलं. गावात तिच्या एकटीच्या हाताला सुचलं ते. उपटणाऱ्याच्या माथी दोष मारला तर पुन्हा कोणी गवताला हात लावणार नाही."

आणि थोड्या वेळाने, "शिव्या देते तोवर आठवण तरी काढते."

पुढची कितीतरी वर्षं ते जात राहिले. मग गुडघे गेले. त्यानंतर मागच्या दारात खुर्ची टाकून तिकडे बघत बसायचे, हिरवं दर वर्षी थोडं जाड झालेलं. मला बजावून ठेवलं होतं की तिला सांगायचं नाही. मी आज तो शब्द मोडला. ते असते तर आठवडाभर बोलले नसते, आणि मग काही झालंच नाही अशा आवाजात चहा मागितला असता. तेवढं मी सोसलं असतं.

वादळाचं मी लिहिलं होतं. गवतवाली खोटं बोलली नव्हती. वादळाने थोडं आणलंही असेल, कोणाला ठाऊक. पण तिच्या बोलण्यातला मला हवा तेवढाच भाग मी तुमच्याकडे पाठवला. आता सगळं पाठवते आहे. तुम्हाला दुखेल. मला माहीत आहे, आणि तरी पाठवते आहे, कारण वाईट माणूस म्हणून त्यांना माफी मिळालेली मला पाहवत नाही. ते घुमे होते, हट्टी होते, माझं वाचन चालू असताना मुद्दाम दिवा पुसायला घ्यायचे. पण हा आळ त्यांच्यावर नको.

तुमचा राग तेव्हाही बरोबर होता. फक्त तो ओहोटीच्या पाण्यात पडला.

अंगणाची कड गेली ती गेली. शेवटची पायरी आता अर्धी अधांतरी आहे. दगड टाकून झालेत, बघू. न्हाणीघर उभं आहे, जरा वाकून. गवत होतं तिथे आता नुसता काळा चिखल, दिसायला वाईट आणि वासाला त्याहून वाईट. शेजारीण नाकाला हात लावून जाते. पण काल ओहोटीला मी पायरीवर बसले होते तर चिखलात बारीक भोकं दिसली, त्यांतून बुडबुडे येत होते. खेकडे आहेत की शिंपल्या आहेत ते मला ओळखता येत नाही. माझ्या पुस्तकात चित्र आहे, पण चित्रात भोकं सगळी सारखीच दिसतात. ते तुम्हाला बघूनच कळेल.

पलीकडच्या काठाला पुढल्या महिन्यात सुरुवात करणार. ह्यांची होडी कप्तानने डागडुजी करून दिली. मी काल एकटीने नेऊन बघितली. दोन्ही वल्ही मला पेलत नाहीत, एका वल्ह्याने ती जागच्या जागी गोल फिरते. काठावरची पोरं टाळ्या वाजवत होती. गोण्या मात्र भरपूर आणून ठेवल्यात, आणि तुमच्या मापाचे गमबूट बाजारात मिळाले. या वेळी एका दिवसासाठी येऊ नका, एका दिवसाचं काम नाही ते.

हे पत्र फाडावंसं वाटेल. फाडा. फक्त तुकडे पाण्यात टाकू नका.

तुमची,
वहिनी